तिरपा चष्मा आणि आईची फायनल

माझ्या कामाबद्दल कुणी विचारलं की पूर्वी मी सरळ सांगून टाकायचे, "मेंदूवर संशोधन करते." मग समोरचा माणूस एक तर उगाच आदराने बघायला लागायचा, नाहीतर स्वतःच्या अर्धशिशीवर औषध विचारायचा. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर लिफ्टमध्ये मला कपाळाची डावी बाजू दाबून दाखवली होती. शेवटी वैतागून मी उत्तर बदललं. आता सांगते, "माणसाचा नेम का चुकतो आणि मग बरोबर कसा येतो, ते मी बघते." हे सगळ्यांना पटतं. नेम चुकणारा एक तरी माणूस प्रत्येकाच्या घरात असतोच.

आणि खरंच, एवढंच आहे हो ते. समोर चहाचा कप आहे, हात पुढे जातो, कपाचा कान बरोबर बोटांत येतो. आपल्याला वाटतं, त्यात काय मोठं! पण डोळ्यांना कप कुठे दिसतोय आणि हाताने किती पुढे, किती डावीकडे जायचं, याचा हिशेब मेंदू न बोलता सतत करत असतो. तो बघायचा तर आधी बिघडवावा लागतो. त्यासाठी आमच्याकडे एक चष्मा आहे. पोहायच्या गॉगलसारखा, रबरी पट्ट्याने डोक्यावर घट्ट बसणारा, फक्त त्याच्या काचा एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ. तो घातला की सगळं जग जरासं उजवीकडे सरकतं. मी पहिल्यांदा घातला तेव्हा आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमशी हात मिळवायला गेले आणि बाजूच्या कपाटाशी मिळवला. मॅडम हसल्या, मी हसले, आणि त्या दिवशी आमचं कुणाचंच काम धड झालं नाही.

गंमत अशी की हे चुकणं फार वेळ टिकत नाही. चष्मा घालून चुकत चुकत गेलात की थोड्या वेळाने हात आपोआप डावीकडे झुकायला लागतो आणि नेम लागतो. माणसाला वाटतं, जिंकलो! मग चष्मा काढायचा. आता जग जागेवर आहे, पण हाताची सवय गेलेली नाही, त्यामुळे सगळे नेम डावीकडे चुकतात. चष्मा नाकावरून उतरतो, डोक्यातून उतरायला वेळ लागतो. मला हा क्षण इतका आवडतो की लोकांच्या चेहऱ्याकडे बघत बसते आणि नोंद करायची राहून जाते.

बाहेरच्या देशांत यासाठी भिंतीवरच्या खुणेवर चेंडू फेकायला लावतात. मी म्हटलं, आपण कॅरम घेऊ. पनवेलमध्ये स्ट्रायकर हातात न धरलेला माणूस शोधून दाखवा! मॅडमनी भुवया वर केल्या, पण बोर्ड आला, बोरिक पावडरही आली. पहिल्या आठवड्यात लॅबमधले सगळे जण जेवणाच्या डब्याआधी बोर्डाजवळ जमत होते. मी बोटावर सेन्सर लावून, चष्मे चढवून, लोकांना "मारा, मारा" म्हणत होते, आणि स्ट्रायकर सोंगटीच्या उजवीकडून सुसाट निघून जात होता. याला काम म्हणतात आणि त्याचा पगार मिळतो, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

एक चष्मा आणि एक बोर्ड मी घरीही आणून ठेवला होता, कारण घरी आई होती.

बाबा गेल्यावर आई नाशिकला एकटीच राहत होती. मावशी दोन गल्ल्या पलीकडे, पण रात्री घरात एकटीच. दिवाळीत मी तिला जवळजवळ उचलून नवीन पनवेलला आणलं. आली, पण मनाने नाही आली. इथली हवा दमट, पापड मऊ पडतात, पाण्याला चव नाही, कोथिंबीर महाग, कर्नाळ्याचा तो सुळका बाल्कनीत उभं राहिलं की आपल्याकडे बघत बसतो. तक्रारींना अंत नव्हता. खरं दुखणं वेगळं होतं. सोसायटीत तिला कुणी ओळखत नव्हतं. ती चौथ्या मजल्यावरच्या मॅडमची आई होती, बस. एसटीच्या ऑफिसात सगळी नोकरी काढलेली बाई ती, डेपोतले ड्रायव्हर तिला बघून विडी लपवायचे. इथे लिफ्टमधली माणसं मोबाईलमधून मान वर काढत नव्हती. मावशीचा रोज फोन, "कधी येतेस?" आणि आईचं रोजचं उत्तर, "बघू, संक्रांत होऊ दे."

मला ती हवी होती. उगाच काळजी, कर्तव्य वगैरे सांगत बसत नाही. मला घरी आल्यावर भांडायला ती हवी होती. बाबांनंतर मी जितकी त्या दिवाळीनंतर हसले तितकी मधल्या वर्षांत हसलेच नव्हते.

मग सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाआधी सोसायटीत स्पर्धा जाहीर झाल्या, आणि आईने कुणाला न विचारता कॅरमला नाव दिलं. एसटीच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कॅरम चालायचा हे मला माहीत होतं. ती काय खेळते ते मात्र मी कधी बघितलं नव्हतं. अहो, कहर! पदर खोचायची, पावडर फुंकायची, एक डोळा बारीक करायची आणि टॉक! पहिल्या फेरीत बी विंगमधले इंजिनिअर गारद. दुसरीत खुद्द सेक्रेटरी. ते हरल्यावर बोर्ड कलता आहे का म्हणून खाली वाकून बघत होते. लोक तिला जिन्यात थांबवून "काकू, तो रिबाउंड कसा मारलात?" विचारायला लागले. आई वर यायची ती गाणं गुणगुणत, आणि मी दार उघडायचे ते नाचत.

सेमीफायनल जिंकली त्या संध्याकाळी सगळ्यांसमोर तिने जाहीर केलं, "फायनल जिंकले तर पनवेलची. हरले तर मी आपली नाशिकची." लोक हसले, टाळ्या वाजल्या. मी पण हसले, पण लोकांना दाखवायला. आई असल्या गोष्टी थट्टेत बोलत नाही. तिने एकदा बाबांना "या पंख्याचा आवाज बंद झाला नाही तर मी माहेरी जाईन" म्हटलं होतं आणि खरंच गेली होती.

फायनलला समोर कोण? तिसऱ्या मजल्यावरचे काका. मूळ पनवेलजवळच्या नेऱ्याकडचे, डोंगराखाली अजून शेती आहे, मनगटात सोन्याचं जाड कडं, आणि खेळ असा की सोंगट्या त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. भेटले की म्हणायचे, "ताई, आमाला जरा सांभाळून घ्या हां." आणि आई म्हणायची, "घेते ना. बोर्डावरून खाली पडू देणार नाही तुम्हाला."

आता चष्म्याकडे येते. फायनलच्या दोन दिवस आधी मी आईला तो घालून घरच्या बोर्डावर बसवलं होतं. मला एका नव्या प्रयोगाची रंगीत तालीम करायची होती आणि तिच्याइतका सरळ नेम लॅबमध्ये कुणाचा नव्हता. आधी तिचे सगळे फटके उजवीकडे. "अगं, काय भानामती आहे ही!" असं ओरडली, आणि मग दात ओठ खाऊन अशी मारत सुटली की थोड्याच वेळात चष्म्यासकट सोंगट्या जायला लागल्या. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, तिने चष्मा माझ्या मांडीवर फेकला आणि स्वयंपाकघरात गेली. पुढचा भाग राहिलाच. मग मी ओट्याजवळ उभी राहून तिला सांगितलं, चष्मा काढल्यावर नेम उलटीकडे कसा जातो, का जातो, वगैरे. ती मिक्सरमध्ये चटणी फिरवत होती. मधून मधून "हं" म्हणाली.

फायनलच्या दिवशी मी लॅबमधून लवकर सटकले. उरण नाक्यावर रिक्षा अडकली, रिक्षावाल्यावर ओरडले, त्याचा काही दोष नसताना. क्लबहाउसमध्ये पोचले तर खुर्च्या भरल्या होत्या, लोक भिंतीला टेकून उभे होते. आई ठेवणीतली जांभळी साडी नेसून बसली होती. सेक्रेटरी पंच. काकांनी हात जोडून नमस्कार केला, आईने पावडर फुंकली, आणि ब्रेक मारला.

स्ट्रायकर गठ्ठ्याच्या डाव्या बाजूला नुसता चाटून गेला.

लोक "अरेरे" म्हणाले. असं होतं कधी कधी. पण पुढचा फटका, पॉकेटच्या तोंडाशी उभी असलेली सोंगटी, पोरंसोरं डोळे मिटून घालतील अशी, तिच्याही डावीकडून स्ट्रायकर गेला. मग तिसरा. मग चौथा. प्रत्येक वेळी डावीकडे, आणि प्रत्येक वेळी जवळजवळ तेवढाच. आईने स्ट्रायकर उलटा करून बघितला, बोटं साडीला पुसली. काका कानकोंडे झाले. "ताई, बरं वाटत नाय काय? थांबायचं काय?" आई म्हणाली, "खेळा तुम्ही." पहिला गेम गेला तो इतका एकतर्फी की टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणाला कळेना.

मला मात्र कळलं. कारण आई मान वर करून घाम पुसत होती आणि तिच्या कपाळावर, टिकलीच्या वर, लाल आडवी रेघ उमटली होती. डोळ्यांभोवती दोन गोल. विंचरलेल्या केसांवरून मागे गेलेला पट्ट्याचा दाब. रोज दहा माणसांच्या कपाळावर मी ती रेघ बघते.

ती चष्मा घालून खेळून आली होती. थोडा वेळ नाही, चांगली दुपारभर.

आणि मग मला जे वाटलं ते मी कधी विसरणार नाही. मला वाटलं, हिला हरायचंय. मी हिला सगळं सांगितलं होतं, काढल्यावर नेम कसा जातो ते. हिने ऐकलं, आणि नाशिकला जायची सोय करून घेतली. सरळ तोंडावर "मला इथे करमत नाही" म्हणाली असती तर मी रडले असते, भांडले असते, पण सोडलं असतं तिला. हे काय नाटक? माझाच चष्मा वापरून? डोक्यात अशी तिडीक गेली की कान गरम झाले.

सेक्रेटरींनी चहासाठी पाच मिनिटं दिली. मी आईला दंडाला धरून पाण्याच्या कूलरमागे नेलं.

"चष्मा घातला होतास ना?"

"हो," आई म्हणाली. लपवाछपवी नाही, काही नाही.

"हरायचंच होतं तर तसं सांगायचंस! जायचंय ना तुला? जा. मी तिकीट काढून देते. एवढ्या लोकांसमोर तमाशा कशाला?"

आई माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच तिरपा चष्मा घातलाय.

"हरायला?" ती म्हणाली. "अगं गाढवे, जिंकायला घातला! तू सकाळी गेल्यापासून बसलेय त्या बोर्डापुढे. मान मोडली माझी. म्हटलं, एवढ्या वाकड्या चष्म्यातून जर सोंगट्या जातायत, तर चष्मा काढल्यावर काय जातील! आमच्या डेपोतले लोक नाही का, कबड्डीच्या आधी आठवडाभर वाळूत पळायचे, मग मातीवर नुसते उडायचे."



"आणि मी ओट्याजवळ जे सांगत होते ते?"

"मिक्सर चालू होता गं."

"मग 'हं' काय म्हणत होतीस?"

"तू बोलत होतीस म्हणून." मग तिचा आवाज बारीक झाला. "मला जिंकायचंच होतं. त्या नाशिकच्या घरात संध्याकाळी नुसतं घड्याळ वाजतं. पण नुसतं लेकीच्या घरी राहायचं म्हणून राहायला बरं नाही वाटत. म्हटलं, जिंकून राहावं."

मी हसायला लागले. रडतही होते थोडी, पण मुख्य म्हणजे हसत होते, कूलरला धरून, पोट दुखेपर्यंत. बाई दिवसभर जीव तोडून स्वतःचा नेम मोडत बसली होती, आणि तोही इथे राहायला मिळावं म्हणून! जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या मिनिटाला कळलं. आई आधी चिडली, मग तीही हसायला लागली, आणि दोघींना बघून कूलरवर ग्लास भरायला आलेले गृहस्थ ग्लास न भरताच परत गेले.

"आता काय?" आई डोळे पुसत म्हणाली. मी म्हटलं, "डाव्या हाताने खेळ! त्या हाताने चष्म्याची सवय लावून घेतलेली नाही." "उद्या सत्यनारायण आहे. डाव्या हाताने मी कुणाला पाणीसुद्धा देत नाही," आई म्हणाली. विषय संपला.

मग एकच उपाय राहिला, जो आम्ही लॅबमध्ये प्रत्येक माणसाला घरी सोडण्याआधी करतो. उघड्या डोळ्यांनी तेच फटके मारायचे आणि चुकायचं. इथे चहा ओतून किंवा केस विंचरून उपयोग नसतो, जी हालचाल बिघडली आहे तीच करावी लागते. प्रत्येक चूक बघितली की मेंदू थोडा मागे सरकतो. कोपऱ्यात मुलांचा जुना, फुगलेला बोर्ड होता. मी आईला तिथे बसवलं. "चूक," मी म्हटलं. "भराभर चूक. विचार करू नकोस, फक्त स्ट्रायकर कुठे गेला ते बघ." टॉक, डावीकडे. टॉक, डावीकडे. टॉक, जरा कमी डावीकडे.

सेक्रेटरी आलेच. "फायनल चालू असताना प्रॅक्टिस? नियमात बसत नाही."

काका बशीत चहा ओतत होते. "करू द्या ओ," ते म्हणाले. "आमी चा पितो हाय ना अजून. बशीतला संपू द्या." आणि त्या माणसाने एवढ्या सावकाश चहा प्यायला, एवढ्या सावकाश, की मी त्यांच्या पाया पडायला तयार होते. मी मुलांच्या बोर्डाजवळ उड्या मारत होते, अक्षरशः, वय विसरून. बोटभर डावीकडे. अर्धं बोट. आणि मग खट्! सोंगटी आत.

दुसरा गेम आईने घेतला. सुरुवातीचे दोन फटके डावीकडे गेले आणि मग बाई सुटली. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. माझा घसा बसला. प्रयोगशाळेत हा सगळा प्रवास मी स्क्रीनवर रेघ म्हणून बघते, हळूहळू मधल्या आडव्या रेषेकडे येणारी. इथे ती रेघ जांभळ्या साडीत बसली होती आणि "क्वीन मी घेते, काका, राग मानू नका" असं म्हणत होती.

तिसरा गेम शेवटच्या बोर्डापर्यंत बरोबरीत गेला. आईची एक पांढरी उरली, काकांची एक काळी. पांढरी पॉकेटच्या अगदी तोंडाशी, आईच्या समोर, नाकासमोर. पहिल्या गेमला चुकली होती ना, तशीच. भिंतीला टेकलेले लोक पुढे सरकले. मी मनात म्हणत होते, सरळ, आई, फक्त सरळ.

तिने सरळ मारला. मी आयुष्यात एवढा सरळ फटका बघितलेला नाही. केसभर डावीकडे नाही, केसभर उजवीकडे नाही. सोंगटी पॉकेटमध्ये गेली, आणि इतका सरळ होता नेम, की स्ट्रायकरही तिच्या मागोमाग आत गेला.

फाउल. पांढरी परत बोर्डावर, वर दंडाची आणखी एक. काकांनी काळी घातली, पण घातल्यावर हात वर केला नाही. सेक्रेटरींनी निकाल सांगितला. टाळ्या झाल्या. आईने पदर सोडला, स्ट्रायकर पुसून डबीत ठेवला, आणि काकांना म्हणाली, "छान खेळलात." माझ्या डोळ्यांपुढे नाशिकची गाडी उभी राहिली. संशोधक म्हणून मी त्या फटक्यावर खूश व्हायला हवं होतं. मी तिथल्या तिथे मटकन खुर्चीत बसले.

काकांसमोर पुन्हा चहा आला, तेवढ्यात आईचा फोन वाजला. मावशी. निकालासाठी तिकडे ताटकळत बसली असणार. आईने फोन कानाला लावला आणि माझ्याकडे पाठ केली.

"हरले गं," ती म्हणाली. "हो. हो, म्हटलं होतं मी, माहितीये मला काय म्हटलं होतं ते." मग बराच वेळ मावशीच बोलत होती. "छे छे! हरल्यावर कुठे येऊ? हरलेलं तोंड घेऊन येऊ होय तिथे? तो समोर बसलाय चहा पीत, त्याला तसाच सोडून?" काका बशी खाली ठेवून हसायला लागले. "ऐक आधी माझं. बाजूच्याला सांग, एक टेम्पो बघ म्हणावं. माझं पायाचं शिलाई मशीन आहे ना, ते घालून पाठवून दे. आणि सुयांची डबी खालच्या खणात आहे, ती विसरू नकोस."